अपॉस्ट्रॉफीचा वाद : घालावा कसा आणि मिटवावा कसा

संस्थेची स्मरणिका, गृहनिर्माण सोसायटीचे पत्रक, लग्नाची इंग्रजी निमंत्रणपत्रिका किंवा कार्यालयातले एखादे परिपत्रक दोघातिघांनी मिळून तयार करायला घेतले की मजकुरावर लवकर एकमत होते आणि मग एका अपॉस्ट्रॉफीवर, म्हणजे इंग्रजी शब्दात ओळीच्या वरच्या बाजूला येणाऱ्या स्वल्पविरामासारख्या चिन्हावर, बराच वेळ चर्चा चालते. हा वेळ वाया गेला असे मी मानत नाही. ज्यांना लिहिलेल्या शब्दाची चाड असते तीच माणसे असा वाद घालतात, आणि तो नीट घातला तर दोघांच्याही पदरात काहीतरी पडते. वाद बिघडतो तो एका कारणाने. समोरचा प्रश्न कोणत्या जातीचा आहे हे न पाहताच दोघेही आपापली बाजू लावून धरतात. इंग्रजी व्याकरणातल्या काही प्रश्नांचे उत्तर ठरलेले आहे आणि त्यावर मतदान घेण्यात अर्थ नाही. काही प्रश्नांची दोन उत्तरे सारखीच बरोबर असतात आणि त्यांतले एक निवडायचे असते. काही बाबतींत निर्णय व्याकरणाचा नसून ज्याचे नाव आहे त्याचा असतो. आणि शाळेत पाठ करून घेतलेले काही नियम मुळात कधी नियम नव्हतेच. म्हणून वादाला तोंड फोडण्यापूर्वी प्रश्नाची जात ओळखावी, कारण प्रत्येक जातीचा वाद मिटवण्याची रीत वेगळी आहे.

या लेखातले इंग्रजी शब्द देवनागरीत असल्यामुळे चिन्ह नेमके कुठे येते ते प्रत्येक वेळी शब्दांत सांगितले आहे. शेजारी कागद घेऊन ती रूपे रोमन लिपीत लिहून पाहिली तर मुद्दा लवकर ध्यानात येईल.

उत्तर ठरलेले असेल तेव्हा

सर्वांत जास्त वाद मालकी दाखवणाऱ्या अपॉस्ट्रॉफीवर होतात, आणि गंमत अशी की त्यातले बहुतेक सोडवण्याचे साधन मराठी माणसाच्या कानातच असते. ते साधन म्हणजे षष्ठी आणि तिच्यासोबत येणारा अनुस्वार. ‘मुलीची खोली’ आणि ‘मुलींची खोली’ यांत आपण एका टिंबाने एकवचन-अनेकवचन वेगळे करतो. इंग्रजी हेच काम चिन्हाची जागा बदलून करते. मुलीची म्हटले की चिन्ह एसच्या आधी, मुलींची म्हटले की एसच्या नंतर. वसतिगृह एका मुलीसाठी बांधत नाहीत, म्हणून ‘गर्ल्स हॉस्टेल’च्या पाटीवर चिन्ह एसनंतर यायला हवे. रजेच्या अर्जात तर ही कसोटी रोज उपयोगी पडते. ‘एका दिवसाची रजा’ लिहायची असेल तर डे या शब्दानंतर चिन्ह आणि मग एस. ‘दोन दिवसांची रजा’ लिहायची असेल तर आधी डेज असे अनेकवचन पूर्ण करावे आणि त्यानंतर चिन्ह द्यावे. नोकरीसाठी पाठवायच्या माहितीपत्रकात ‘पाच वर्षांचा अनुभव’ असतो, म्हणून तिथे इयर्सच्या एसनंतर चिन्ह येते. मात्र इयर्स आणि एक्स्पीरियन्स यांच्यामध्ये ‘ऑफ’ घातला तर षष्ठीचे काम तो शब्द करतो आणि चिन्हाची गरज उरत नाही. पदवीच्या बाबतीतही असेच आहे : ‘मास्टर ऑफ आर्ट्स’मध्ये चिन्ह नाही, पण ‘मास्टर्स डिग्री’मध्ये एसच्या आधी आहे, कारण ती मास्टरची पदवी आहे.

अर्थात ही कसोटी डोळे झाकून वापरता येत नाही. मराठीत आपण आदरार्थी अनेकवचन वापरतो, इंग्रजीत ते नाही. ‘मुख्याध्यापकांचे कार्यालय’, ‘सरांचे टेबल’, ‘अध्यक्षांचे भाषण’ यांतला अनुस्वार संख्येचा नसून मानाचा आहे. शाळेत मुख्याध्यापक एकच असतात, म्हणून ‘प्रिन्सिपल्स ऑफिस’मध्ये चिन्ह एसच्या आधीच येणार. ज्या घरात वडीलधाऱ्यांचा उल्लेख नेहमी बहुवचनात होतो तिथल्या मुलांचा नेमका या ठिकाणी गोंधळ होतो आणि त्यांना तो समजावून सांगितला की पुन्हा सहसा होत नाही. दुसरी अडचण एस न लावता होणाऱ्या अनेकवचनांची आहे. चिल्ड्रन, विमेन, मेन, पीपल हे शब्द मुळातच अनेकवचनी असल्यामुळे त्यांना चिन्ह लागते ते एसच्या आधी. इथे दुसरी एक कसोटी कामाला येते. चिन्हापासून पुढचा भाग बोटाने झाकावा. जो शब्द उरतो तो मालक. ‘विमेन्स डे’ लिहिताना एसनंतर चिन्ह दिले तर झाकल्यावर ‘विमेन्स’ उरते आणि असा शब्द इंग्रजीत नाही. ‘लेडीज टेलर’च्या कित्येक पाट्यांवर ई आणि एस यांच्यामध्ये चिन्ह असते, झाकून पाहिले तर वाय नसलेले आणि आय-ईवर थांबलेले एक रूप उरते, ज्याला काहीच अर्थ नाही. स्त्रियांचा शिंपी म्हणायचे असेल तर लेडीज हे अनेकवचन पूर्ण लिहून त्यानंतर चिन्ह द्यावे.

सामासिक शब्द आला की आधी त्याचा विग्रह करावा. ‘शिक्षक दिन’ या शब्दात षष्ठी दिसत नाही, पण ‘शिक्षकांचा दिन’ असा विग्रह केला की ५ सप्टेंबरच्या फलकावर टीचर्समधील चिन्ह एसनंतर का असावे हे कळते. १४ नोव्हेंबरचा ‘चिल्ड्रन्स डे’ चिन्ह एसआधी घेतो, कारण चिल्ड्रन आधीच अनेकवचन आहे. मदर्स डेच्या बाबतीत मात्र विग्रह दोन्ही बाजूंनी होऊ शकतो आणि तिथे इतिहास पाहावा लागतो. अमेरिकेत १९०८ मध्ये हा दिवस सुरू करणाऱ्या अॅना जार्व्हिस यांचा आग्रह एकवचनाचाच होता, कारण प्रत्येक कुटुंबाने आपापल्या आईचा सन्मान करावा, जगातल्या समस्त मातांचा मोघम गौरव करू नये अशी त्यांची कल्पना होती. १९१४ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी या दिवसाची अधिकृत घोषणा केली आणि चिन्ह एसच्या आधीच राहिले.

‘इट्स’चा वाद याच जातीचा, पण त्यावर सुशिक्षित माणसेही अडतात. नाम असेल तर मालकी दाखवायला चिन्ह लागते, मग इट या सर्वनामाला का लागू नये, असा प्रश्न विचारणाऱ्याचे तर्कशास्त्र चुकीचे नसते. त्याला उत्तर द्यायचे ते इतर सर्वनामे पुढे ठेवून : हिज, हर्स, अवर्स, देअर्स यांतल्या एकालाही चिन्ह नाही, म्हणून मालकीच्या इट्सलाही नाही. चिन्ह असलेले इट्स म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचे आकुंचित रूप. शंका आली की वाक्य उघडून ‘इट इज’ असे मोठ्याने वाचावे. अर्थ लागला तर चिन्ह ठेवावे, नाही तर काढावे. समोरची व्यक्ती वयाने किंवा मानाने मोठी असेल तर ‘सर, हे चुकले आहे’ म्हणण्यापेक्षा ‘सर, हे वाक्य इट इज करून एकदा वाचून पाहू या का?’ असे म्हटलेले बरे, कारण मग चूक त्यांच्या त्यांनाच ऐकू येते आणि दाखवून देण्याचा प्रसंगच येत नाही.

या ठिकाणी थोडा इतिहास सांगितला तर समोरच्याचा संकोच जातो. मालकीचे इट्स चिन्हासह लिहिण्याची पद्धत सतराव्या-अठराव्या शतकात चांगली रूढ होती. अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये लिहिली गेली. तिच्या पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात राज्यांच्या तपासणी कायद्यांचा उल्लेख आहे आणि तिथे मालकीचे इट्स चिन्हासह लिहिलेले आजही वाचायला मिळते. अपॉस्ट्रॉफी मुळात सोळाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून. मालकीचे काम त्याच्याकडे नंतर आले, आणि अनेकवचनाच्या एसनंतर तो देण्याची रीत स्थिरावायला अठराव्या शतकाची अखेर उजाडली. म्हणजे जो नियम आज दगडावर कोरल्यासारखा वाटतो तोही कालांतराने ठरला आहे. पण ठरला आहे हे मात्र खरे, आणि आजच्या मजकुरात राज्यघटनेचा दाखला देऊन चिन्ह ठेवता येणार नाही.

साध्या अनेकवचनाला चिन्ह लागत नाही, हाही ठरलेलाच नियम. इंग्लंडमध्ये भाजीवाल्यांच्या पाट्यांवर बनाना आणि टोमॅटो यांच्या अनेकवचनांत चिन्ह घुसलेले इतक्या वेळा दिसते की या चुकीला ‘ग्रीनग्रोसर्स अपॉस्ट्रॉफी’ असे नावच पडले. आपल्याकडे ही चूक आद्याक्षरांच्या शब्दांत जास्त होते : एमएलए, सीडी, एटीएम यांच्या अनेकवचनाला नुसता लहान एस पुरतो, आणि १९९०चे दशक लिहितानाही शून्यानंतर एस थेट येतो. सुट्या लहान अक्षरांचे अनेकवचन मात्र अपवाद मानावे, कारण ‘पी’ आणि ‘क्यू’ यांना चिन्हाशिवाय एस लावला तर वाचणारा अडखळतो.

दोन्ही रूपे बरोबर असतील तेव्हा

सुहास, विलास, तेजस, श्रीनिवास, रामदास : मराठीत एसवर संपणारी नावे भरपूर आहेत, आणि ‘सुहासचा लेख’ इंग्रजीत लिहायची वेळ आली की दोन पक्ष पडतात. एक पक्ष नावापुढे चिन्ह देऊन आणखी एक एस लिहितो, दुसरा नुसत्या चिन्हावर थांबतो. दोघांनाही आपल्या शाळेतल्या बाईंनी तसेच शिकवलेले असते आणि दोघांच्याही बाई बरोबर असतात. पुस्तकांच्या प्रकाशनव्यवहारात प्रमाण मानले जाणारे शिकागो मॅन्युअल चिन्ह आणि एस दोन्ही द्यायला सांगते. बातम्यांसाठी असोसिएटेड प्रेसची जी नियमावली आहे ती एसवर संपणाऱ्या विशेषनामाला नुसते चिन्ह पुरेसे मानते. २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत कमला हॅरिस उमेदवार झाल्या तेव्हा हा प्रश्न तिथल्या वृत्तपत्रांच्या संपादकीय टेबलांवर अक्षरशः रोज आला : असोसिएटेड प्रेसच्या बातमीत हॅरिसपुढे केवळ चिन्ह, तर न्यूयॉर्क टाइम्समध्ये चिन्हापुढे एस.

याहून मोठा दाखला न्यायालयाचा आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅन्सस राज्याच्या फाशीच्या कायद्यावर पाच विरुद्ध चार असा निकाल दिला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिला आणि कॅन्ससच्या षष्ठीसाठी नुसते चिन्ह वापरले. मतभेद नोंदवणारे न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी चिन्हापुढे एस लिहिला. एकाच खटल्याच्या एकाच निकालपत्रात दोन्ही रूपे शेजारी शेजारी आहेत आणि त्याने न्यायदानात काही अडले नाही. आर्कन्सॉ राज्याच्या प्रतिनिधिगृहाला मात्र असे दोन मार्ग नको होते. त्या राज्याच्या नावातला शेवटचा एस उच्चारला जात नाही, म्हणून षष्ठीचा एस वेगळा लिहावा असा ठराव तिथे २००७ मध्ये करण्यात आला. माझे स्वतःचे मत आर्कन्सॉच्या बाजूचे आहे. उच्चारात जो एस ऐकू येतो तो लिहावा. ‘सुहास’ची षष्ठी बोलताना आपण शेवटी ‘इझ’ असा आवाज काढतोच, तर त्याला कागदावर जागा द्यावी. पण हे मत आहे, नियम नव्हे, आणि समोरच्याला तसेच सांगावे.

अशा वादात कोण बरोबर हे ठरवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि कोणते रूप आपण सर्वत्र पाळणार एवढेच ठरवावे. त्यासाठी प्रत्येक संस्थेने, अगदी चार जणांच्या संपादक मंडळानेही, एका पानाची आपली शैलीपत्रिका ठेवावी. तिच्यात फार काही लागत नाही : एसवर संपणाऱ्या नावांची षष्ठी कशी, मिस्टर आणि डॉक्टर यांच्या संक्षेपापुढे पूर्णविराम अमेरिकी पद्धतीने द्यायचा की ब्रिटिश पद्धतीने गाळायचा, स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकी, यादीतल्या शेवटच्या अँडच्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही. प्रत्येक निर्णयासमोर तारीख आणि एक उदाहरण लिहावे. उदाहरण महत्त्वाचे, कारण नियमाचे वाक्य दोघे दोन तऱ्हांनी वाचतात, पण ‘सुहास’ हे नाव प्रत्यक्ष लिहून ठेवले असेल तर पुढच्या अंकात विलासरावांच्या लेखावरून पुन्हा वाद होत नाही.

‘फार्मर्स मार्केट’, ‘युजर्स गाइड’, ‘टीचर्स ट्रेनिंग’ अशा जोडशब्दांचा वादही याच कप्प्यात टाकावा. पहिल्या शब्दाला मालक मानले तर चिन्ह लागते, आणि नुसते विशेषण मानले तर लागत नाही. ‘शेतकरी बाजार’ आणि ‘शेतकऱ्यांचा बाजार’ यांपैकी कोणतेही नाव मराठीत चालते तसेच हे आहे. अमेरिकेत ‘व्हेटरन्स डे’ अधिकृतपणे चिन्हाशिवाय लिहितात, कारण तो माजी सैनिकांचा मालकीचा दिवस नसून त्यांना वाहिलेला दिवस आहे, असे तिथल्या सरकारचे म्हणणे आहे. ‘टीचर्स डे’बद्दल कोणी हाच युक्तिवाद केला तर त्याला उडवून लावू नये; फक्त शिक्षक अनेक असताना चिन्ह एसच्या आधी देण्यास मात्र कोणताच युक्तिवाद पुरेसा पडत नाही.

नाव ज्याचे, चिन्ह त्याचे

व्यक्ती, दुकान, गाव किंवा संस्था यांच्या नावात व्याकरण शोधत बसणे व्यर्थ आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली मार्गावर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही स्थानके एकापाठोपाठ येतात. पहिल्याच्या नावात चिन्ह आहे, दुसऱ्याच्या नाही. लंडनमधील सेंट जेम्सेस पार्क या बागेच्या नावात चिन्हापुढे एस आहे, न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाच्या नावात नुसते चिन्ह आहे, आणि एक्सेटरच्या मैदानाच्या नावात तेही नाही. मॅकडॉनल्ड्स आणि डॉमिनोज यांच्या नावांत चिन्ह आहे, स्टारबक्स आणि हॅरॉड्स यांच्यात नाही. ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानसाखळीने २०१२ मध्ये आपल्या नावातले चिन्ह काढून टाकले, कारण संगणकाच्या युगात ते अडचणीचे ठरते असे तिचे म्हणणे होते. अनेकांना ते रुचले नाही, पण नाव तिचे होते. अशा प्रसंगी आपल्या कसोट्या बाजूला ठेवून संस्थेचे अधिकृत पत्र किंवा नामफलक पाहावा आणि जसे आहे तसे उतरवावे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या नावात आर आणि एस यांच्यामध्ये चिन्ह आहे, म्हणून स्मरणिकेतल्या माजी विद्यार्थ्याच्या परिचयात ते यायला हवे. ते गाळणे म्हणजे नाव चुकवणे होय.

भौगोलिक नावांत सरकारी धोरणही असते. अमेरिकेत १८९० मध्ये स्थापन झालेले भौगोलिक नावांचे मंडळ मालकीदर्शक चिन्ह ठेवू देत नाही आणि आजवर मोजक्याच जागांना त्याने सवलत दिली आहे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळचे मार्थाज व्हिनयार्ड हे बेट त्यांपैकी एक. त्याचे चिन्ह १९३३ मध्ये परत मिळाले. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या नगरपरिषदेने रस्त्यांच्या नव्या नावांतून चिन्ह वगळण्याचे ठरवले होते, तेव्हा काही भाषाप्रेमींनी पाट्यांवर काळ्या मार्करने ती भरली आणि २०१४ मध्ये परिषदेला निर्णय मागे घ्यावा लागला. त्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे, तरी दुसऱ्याच्या पाटीवर मार्कर चालवू नये असेच मी सांगेन. परिषदेला पत्र लिहिणे हा मार्ग त्यांनाही खुला होता.

आपल्याकडे हा प्रश्न दारावरच्या पाटीच्या रूपाने येतो. देशपांडे किंवा जोशी या आडनावाला चिन्ह आणि एस लावलेली पाटी पाहिली की जाणकार पाहुण्याची भुवई वर जाते, कारण ‘देशपांडे मंडळी’ म्हणायचे असेल तर आडनावाला नुसता एस पुरतो आणि आधी ‘द’ येतो. पण ती पाटी ‘देशपांडेंचे घर’ अशीही वाचता येते, आणि घर हा शब्द अध्याहृत धरला तर चिन्ह समर्थनीय ठरते; फार तर घरात माणसे अनेक असल्यामुळे ते एसनंतर हवे, एवढेच म्हणता येईल. शेजारच्या काकांनी हौसेने पितळी अक्षरांत करून घेतलेल्या पाटीबद्दल म्हणून काही बोलू नये. लग्नपत्रिकेची गोष्ट वेगळी. तिथे खाली ‘आपले विनीत’ या अर्थाने कुटुंबाचे नाव येते, घराचा संबंध नसतो, आणि छापण्यापूर्वी कच्चे मुद्रित आपल्या हाती दिलेले असते. ‘काकू, इथे फक्त आपण सगळे एवढेच म्हणायचे आहे ना? मग हे चिन्ह काढू या’ असे तेव्हाच सांगावे. छापून झाल्यावर, पाकिटे भरताना, ते सांगू नये.

नियम वाटणारे संकेत

काही वाद असे की त्यांत बरोबर असलेलीच व्यक्ती जास्त अडचणीत येते, कारण समोरच्याचा ‘नियम’ त्याने वर्षानुवर्षे पाळलेला असतो. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी, म्हणजे इंग्रजीतले प्रेपोझिशन, येऊ नये, हा त्यांतला एक. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सनच्या एका वाक्यावर असा आक्षेप घेतला आणि पुढे स्वतःचे जुने गद्यही त्याप्रमाणे दुरुस्त केले. तेव्हापासून ही नापसंती पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिली. प्रत्यक्षात इंग्रजी लेखक शेवटी शब्दयोगी ठेवत आले आहेत आणि ठेवतात. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये हा दुसरा. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ मध्ये या रचनेला नावे ठेवली, पण आजची कोणतीही मोठी नियमावली तिला चूक म्हणत नाही. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘लेस’ न वापरता ‘फ्यूअर’ वापरावे हा तिसरा. इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये ते केवळ आपल्याला अधिक बरे वाटते म्हणून सुचवले होते. नंतरच्यांनी त्याचा कायदा केला. औपचारिक लेखनात मी स्वतः हा भेद पाळतो, कारण त्याने वाक्य नेटके होते, पण अंतर, वेळ आणि पैसे यांच्यासाठी लेसच शोभते हेही विसरत नाही.

‘दे’ हे सर्वनाम एका व्यक्तीसाठी वापरण्यावरून तर हल्ली पिढ्यांमध्ये वाद होतो. हा वापर चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने २०१९ चा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. मराठी माणसाला तो पटवून देणे खरे तर सोपे आहे, कारण समोरच्या एका माणसाला तुम्ही म्हणताना आणि अनुपस्थित एका माणसाबद्दल ‘ते आले’ म्हणताना आपण अनेकवचनच वापरतो आणि कोणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीतल्या ‘यू’नेही असाच अनेकवचनाकडून एकवचनाकडे प्रवास केलेला आहे.

या प्रकारच्या वादात पुरावा हळूहळू पुढे करावा. आधी समोरच्याचा नियम पाळून वाक्य लिहावे, शेजारी तो न पाळता लिहावे आणि दोन्ही मोठ्याने वाचायला सांगावे. नियम पाळलेले वाक्य ऐकायलाही चांगले असेल तर तेच ठेवावे. वाद जिंकण्यासाठी वाक्य बिघडवण्यात शहाणपण नाही. ते अवघड झाले असेल तर मग ड्रायडन आणि आल्फर्ड यांची गोष्ट सांगावी. आणि ज्या परीक्षकाच्या किंवा साहेबांच्या हाती मजकूर जाणार आहे ते जुना संकेत काटेकोरपणे पाळणारे असतील, तर विद्यार्थ्याने किंवा कनिष्ठ सहकाऱ्याने तिथे लढाई करू नये. संकेत पाळल्याने वाक्य चूक होत नाही.

वाक्यच बदलावे

एवढे सगळे करूनही दोघे आपापल्या जागी ठाम राहतात, तेव्हा एक उपाय उरतो आणि तो मला सर्वांत आवडतो : ज्या शब्दावर अडले आहे तो शब्दच वाक्यातून काढावा. ब्रिटनमधील टेस्को या दुकानसाखळीच्या झटपट पैसे भरण्याच्या रांगेवर ‘दहा किंवा कमी वस्तू’ अशा अर्थाची पाटी होती आणि तिच्यातल्या ‘लेस’वर लोक वर्षानुवर्षे आक्षेप घेत होते. २००८ मध्ये टेस्कोने लेसही नाही आणि फ्यूअरही नाही, तर ‘दहा वस्तूंपर्यंत’ अशा अर्थाची इंग्रजी शब्दरचना केली. पाटी पहिलीपेक्षा लहान झाली आणि तिच्यावर आक्षेप घेण्याजोगे काही राहिले नाही. ‘सुहासचा लेख’ हा वाद ‘आर्टिकल बाय सुहास’ असे लिहून असाच संपतो.

अर्थाचा प्रश्न असेल तेव्हा तर हा उपाय ऐच्छिक राहत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या मोबदल्यातून वगळलेल्या कामांची एक यादी होती : नाशवंत माल डबाबंद करणे, त्यावर प्रक्रिया करणे, तो टिकवणे, गोठवणे, सुकवणे, विकणे, साठवणे आणि शेवटी ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी’. शेवटच्या ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे ‘वितरण’ हे यादीतले स्वतंत्र काम आहे की बांधणीच्या हेतूंपैकी एक, हे वाक्यावरून ठरेना. ओकहर्स्ट या दुग्धव्यवसाय कंपनीचे चालक मालाचे वितरण करत, पण बांधणी करत नसत. आपल्याला जादा मोबदला मिळायला हवा असा दावा त्यांनी केला. कायद्याचे मसुदे करण्याची त्या राज्याची नियमावली हा स्वल्पविराम देऊ नका असेच सांगत होती, त्यामुळे कंपनीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पण मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे विधिमंडळाने ती यादी नव्याने लिहिली, तेव्हा स्वल्पविरामाच्या वादात न पडता प्रत्येक कामानंतर अर्धविराम घातला आणि ‘वितरण’ या नामाचेही रूप बदलून ते इतर कामांच्या ओळीत बसवले.

सोसायटीच्या नियमावलीत, भाडेकरारात किंवा संस्थेच्या घटनेत अशी यादी आली आणि शेवटच्या दोन गोष्टींवर मत फुटले, तर स्वल्पविराम हवा की नको यावर बैठक लांबवू नये. यादीतली प्रत्येक बाब वेगळ्या ओळीवर क्रमांक देऊन लिहावी, प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचून तिचा अर्थ दोघांना एकच लागतो का हे पाहावे, आणि मगच मजकूर सह्यांसाठी पुढे पाठवावा.